देजाची म्हैस

सोजराबाईनं नवऱ्याचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. दुकानात चार बायका जमल्या, की मी मशीन थांबवून मुद्दाम म्हणायचे, "आज सोजरामावशी नाव घेणार आहेत बरं का, गप बसा सगळ्या." ती पदर तोंडाला लावायची. "वर्षीच्या आज्याचं नाव घेऊन त्याचं आयुष्य कमी करू व्हय?" वर्षी म्हणजे तिची नात, वर्षाराणी. नात होण्याआधी ती नवऱ्याला 'रोहिदासाचा बा' म्हणायची. पोरगं होण्याआधी काय म्हणत होती ते तिचं तिलाच ठाऊक. नाव म्हणाल तर साधंच, हरिबा. ते तिच्या तोंडून निघालं एकदाच, आणि तेव्हा मी तिथं उभी होते. पण ते सांगायचं तर आधी ही बाई कोण ते सांगायला हवं.

मी वनिता. माहेर भोरजवळचं उत्रोली, सासर मार्गासनी. रस्त्याच्या कडेला माझं शिवणाचं दुकान आहे. सोजराबाई वेल्ह्याच्या वर, डोंगराला चिकटून चार घरांचा धनगरवाडा आहे, तिथली. बाजाराच्या दिवशी तुपाची किटली घेऊन एसटीनं खाली यायची. गिऱ्हाइकं ठरलेली होती. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून ती तूप विकायची आणि मी जागेचं भाडं म्हणून तिच्याशी भांडायचे.

सुरुवातीला ती स्वतःची पाण्याची बाटली आणायची. आम्ही बौद्ध, ती धनगर. मी काय समजायचं ते समजले. मग एका उन्हाळ्यात बाटली रिकामी झाली, एसटी काही येईना, आणि तिनं माझ्या माठातलं पाणी मागितलं. पुढच्या खेपेपासून तिनं बाटली आणली नाही. मीही विषय काढला नाही, पण विसरलेही नाही. मी विसरणाऱ्यातली नाही.

उंच, वाळकी बाई. नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. तिच्या खणाच्या चोळ्या मीच शिवायचे. टेप लावू द्यायची नाही. "मागच्या चोळीवरनं शिव. काखंत तेवढी ढिली ठेव, धार काढाया लागती." शिलाई आगाऊ द्यायची, आणि नवऱ्याला न विचारता द्यायची. त्यांच्या वाड्यावर रीतच होती तशी: म्हशी बाप्यांनी चारायच्या, दूध-लोणी बाईनं बघायचं, आणि तुपाचा पैसा बाईचा. माझ्या शिलाईचा पैसा माझ्या नवऱ्याच्या, संघपालच्या, खात्यात जायचा. हे तिला कळलं तेव्हा ती किती हसली! "शाळा शिकून ह्येच केलंस का?" म्हणाली. त्यानंतर मी भोरला जाऊन माझं खातं काढलं. संघपाल दोन दिवस फुगून बसला होता. बसू दे म्हटलं.

आमचं खरं भांडण मात्र देजावरून चालायचं. देज म्हणजे लग्नात नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं ते. खाली आमच्या गावांमधून ही चाल कधीच गेली. उलट हुंडा आला. वरच्या वाड्यावर मात्र सोजराबाईच्या पिढीपर्यंत देज होतं आणि ते ती मिरवायची.

"माझ्या बानं एक म्हस घेतली हुती माझी," असं ती मान ताठ करून सांगायची.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "मावशी, बाईची किंमत म्हशीत करतात आणि तुम्ही हसून सांगता?"

"तुमच्यात बाप काय घेतो?"

"काही नाही. घेत नाही नि देत नाही. पांढरी साडी, बाबासाहेबांचा नि बुद्धाचा फोटो, त्रिशरण-पंचशील, झालं लग्न."

"चांगलं हाय की. मंग पोरीला तरास झाला तर ती परत कशी येती?"

"कोर्टातून."

"किती दिस लागत्यात?"

"दिस कसले, वर्षं लागतात."

"आमाला म्हस चालवत न्ह्याया एक सकाळ लागती," ती म्हणायची आणि किटलीचं झाकण घट्ट लावायची.

हे ती उगाच म्हणत नव्हती. हरिबा तिचा दुसरा नवरा. पहिल्या घरी तिला चौदाव्या वर्षी दिलं. तो माणूस दावणीच्या दाव्यानं मारायचा. एकदा तिचा बाप भेटायला गेला, पोरीची पाठ बघितली, काही न बोलता वाड्यावर परत आला. दुसऱ्या दिवशी देजाची म्हैस सोडली, पाच माणसं घेतली आणि त्यांच्या दारात नेऊन बांधली. गवताची काडी घेतली, पंचांच्या समोर मोडली. संपलं. म्हैस त्यांची त्यांना, पोरगी आमची आम्हाला. काडीमोड हा शब्द आपण बोलताना वापरतो, पण ती मोडलेली काडी बघितलेली माणसं आता किती राहिली? त्या म्हशीला बापाकडं असताना एक रेडी झाली होती. ती बापानं सोजराबाईला दिली. आज तिच्या दावणीला आहेत त्या सगळ्या म्हशी त्या रेडीच्या वंशातल्या. पुढं हरिबाशी पाट लागला तेव्हा त्याच्या बापानंही म्हैस दिली.

"ती किंमत न्हवं गं," ती मला समजावायची. "ते दावं हाय. पोरगी तिकडं बांधली, म्हस हिकडं बांधली. हिकडची सोडली की तिकडची सुटली."

मला ते पटायचं नाही. माणसाला आणि म्हशीला एकाच दाव्यात बांधायचं, त्यात शहाणपण कसलं? पण तोंड बंद व्हायचं खरं. कारण आमच्यात हुंडा नाही हे मी छाती काढून सांगितलं, आणि त्याच वर्षी माझ्या सख्ख्या भावानं, धम्मदीपनं, मला भोरला नेऊन हक्कसोडीवर सही घेतली. उत्रोलीचं भाताचं खाचर, त्यावरचा माझा हक्क मी सोडला. आई म्हणाली, "भावाच्या ताटातलं काढू नये, वने." मला एक साडी मिळाली. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय.

सोजराबाईनं ती साडी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. "ही परत दिली तर खाचर परत मिळतंय का?"

"नाही."

"मंग ह्ये कसलं देज?" म्हणाली, आणि साडी माझ्या मांडीवर टाकली.

वर्षाराणी वेल्ह्याला कॉलेजात होती. सुट्टी असली की आजीबरोबर खाली यायची, परतीच्या एसटीची वाट बघत माझ्या दुकानात बसायची आणि बसल्या बसल्या शिवण शिकली. काज करताना तिचा हात माझ्यापेक्षा हलका. आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवलं. बाप रोहिदास दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता, डेअरीचं दूध पुण्याला न्यायचा. दहा जणांसमोर बोलताना गोड, मालकासमोर आणखी गोड. मला तो कधी आवडला नाही, पण तो सोजराबाईचा एकुलता एक. तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

पोरगी वीस वर्षांची झाली आणि रोहिदासनं स्थळ आणलं. भोंगवलीचं, म्हणजे पार हायवेच्या पलीकडं. तीही धनगरच, पण दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं विकून शेतीला लागलेली. ऊस, ट्रॅक्टर, स्लॅबचं घर. घरचा कर्ता चिमाजी, आणि त्याचा मुलगा बिरदेव, तिशी कधीच उलटलेला. आता खाली सगळीकडं तेच झालंय. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही. ज्यांनी काल हुंड्यासाठी सुना छळल्या, ते आज डोंगर चढून मुली मागायला येतात. आमच्या गल्लीत असे चार घोडनवरे आहेत, त्यांच्याकडं बघून मला वाईटही वाटत नाही.

सोजराबाई आधी नाहीच म्हणाली. लांब आहे, पोरगी शिकतीय, बाप्या वयानं मोठा आहे. मग रोहिदासनं हुकमी पान टाकलं. "आये, ती मानसं जुन्या चालीची हायती. देज देत्यात. पाच मानसांत म्हस आनून बांधत्यात."

ती विरघळली. पुढच्या बाजारी दुकानात आली ती हसतच. "बघ वनिते, खाली ऊस लावला तरी इसरली न्हाईत. तू म्हनतीस देज गेलं." मी म्हणाले, मावशी, पाण्यात म्हैस नि बाहेर मोल असं करू नका, आधी माणसं बघा. ती म्हणाली, म्हस बघितली की मानसं कळत्यात.

सुपारी वाड्यावरच फुटली. मी वर्षाची शिवलेली पोलकी घेऊन वर गेले होते. म्हैस टेम्पोतून आली. मुऱ्हा, काळीभोर, शिंगांना हिंगूळ, गळ्यात घंटा. घोंगडीवर पाच बाप्ये बसले. चिमाजीनं दावं हरिबाच्या हातात दिलं. पोरीसारखा लाजत होता चिमाजी, मान वर करत नव्हता. सोजराबाईनं म्हशीच्या पायावर पाणी ओतलं, कुंकू लावलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लई मानूसघानी म्हस हाय गं. जनावर नव्या जागी आलं की जुन्या धन्याकडं वळून बगतंय. हिनं चिमाजीकडं मान सुदीक वळवली न्हाई." मी हसले. म्हशीच्या मनातलं मला काय कळतंय.

लग्न झालं. त्या म्हशीचं नावच 'वर्षीची' पडलं. स्वतःच्या म्हशींपेक्षा सोजराबाई तिला जपायची. गिऱ्हाईक आलं, चांगले पैसे द्यायला लागलं, तरी हलली नाही. "ती माझी न्हाई. पोरीचा दरवाजा हाय तो, त्यो इकू व्हय?" त्याच सुमाराला रोहिदासनं स्वतःची पिकअप घेतली, नवी कोरी. फायनान्सवर घेतली, म्हणाला. सोजराबाईनं तिलाही कुंकू लावलं. पोरगं कष्टाळू निघालं म्हणून मला तुपाचा डबा फुकट दिला. मी तो खाल्ला. आता त्याची आठवण झाली की घशाशी येतं.

वर्षा पहिल्या दिवाळीला आली ती गप गप. दुकानात येऊन मशीनवर हात फिरवला आणि उठून गेली. पुढच्या पंचमीला तिला पाठवलंच नाही. मोबाईल लागेना. "ऊस लागणीचं दिस हायती," रोहिदास म्हणायचा. हरिबा त्यात मान डोलवायचा. हरिबा तसा गरीब माणूस, कधी आवाज चढवलेला नाही; सोजराबाईला दाव्यानं मारणाऱ्या माणसानंतर तो देवमाणूसच वाटला असणार. ती चाळीसवर वर्षं त्याच्या जेवणाआधी जेवली नव्हती.

मग एक दिवस माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबर आला. कुणा शेजारणीच्या फोनवरून वर्षा बोलत होती, घाईत, दबक्या आवाजात. तिनं रडगाणं लावलं नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, आजीला सांगा, माझी म्हस सोडा."

मी निरोप वर पाठवला. सोजराबाई म्हैस चालवतच खाली आली. मागून हरिबा, मान खाली. वाटेत त्यानं तिला तीनदा थांबवलं म्हणे: आधी फोन करू, रोहिदास येऊ दे, पाऊस उघडू दे. रोहिदासचा फोन बंद होता. सुपारीला बसलेल्या पंचांपैकी एकाला ताप आला होता, एक पुण्याला लेकाकडं गेला होता, एकाची गाय व्यायला झाली होती. पोरीच्या जेवणावळीला तेच सगळे धडधाकट होते.

"पंच न्हाईत तर न्हाईत," सोजराबाई म्हणाली. "म्या हाय, माझा धनी हाय, तू चल, टेम्पोवाला मानसिंग हाय. पाचवी म्हस." मला हसू आलं. मी दुकान बंद केलं. मानसिंगच्या टेम्पोत म्हैस चढवली आणि नसरापूरवरून हायवेला लागलो. सोजराबाई सगळा रस्ता शांत होती. तिच्या दृष्टीनं काम झाल्यातच जमा होतं.

चिमाजीच्या अंगणात टेम्पो उभा राहिला. कडब्याची गंजी, ट्रॅक्टर, बाजेवर चिमाजी. बिरदेव आतून बनियनवरच बाहेर आला. त्याच्या मागं चौकटीला धरून वर्षा. गालफड सुजलेलं होतं. आजीकडं बघून तिनं फक्त ओठ मिटले.

सोजराबाईनं म्हैस उतरवली, पुढं नेली आणि दावं चिमाजीसमोर धरलं. "ह्ये तुमचं देज. तुमचं तुमाला, आमची पोरगी आमाला."

चिमाजी बघतच राहिला. "कसली म्हस?"

"देजाची. तुमीच दिल्याली."

"आवो आजी, आमी कवा म्हस दिली?" तो चक्क हसायला लागला. "आमच्यात कुठं म्हस हाय? आमी चार लाख मोजल्यात, रोख. तुमच्या रोहिदासाच्या हातात, ह्याच अंगनात. म्हस त्यानंच बाजारातनं आनली. आमाला म्हनला, आई जुन्या वळनाची हाय, तुमी नुसतं दावं धरून उभं ऱ्हावा."

सोजराबाईला ते समजायला वेळ लागला. ती म्हशीकडं बघत होती. मग म्हणाली, "म्हून हिनं तुमच्याकडं बगितलं न्हाई."

"खोटं वाटत आसंल तर ह्या मामांस्नी इचारा की," चिमाजीनं हरिबाकडं बोट केलं. "हितंच बाजंवर बसून चा पीत हुते."

मी हरिबाकडं बघितलं. त्याला कुठं बघावं कळेना. शेवटी ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघत राहिला.

"वर्षीच्या आज्या," सोजराबाई हळू म्हणाली, "ह्यो काय म्हंतोय?"

"पोराला गाडी पायजे हुती," हरिबा म्हणाला. "दुसऱ्याच्या गाडीवर किती दिस राबायचं त्यानं? तुला सांगितलं आस्तं तर तू हू दिलं नसतंस." आणि मग, तिची समजूत घालायला म्हणून, "तुला म्हस तर मिळाली न्हवं?"

कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. मारणाऱ्यानं मारलं तर माणूस पाठ वळवतो तरी. ज्याच्या भरवशावर पाठ टेकायची त्यानंच हे केलं, मग कुठं वळायचं? पोरगी विकली ते एक, आणि म्हातारीला खेळणं द्यावं तशी म्हैस आणून दिली ते दुसरं. मला दुसऱ्याचाच राग जास्त आला, आणि अजून येतो. तिच्या रीतीचा त्यांनी मुखवटा केला आणि तो घालून तिच्याच दारात नाचले.

बिरदेव मधेच म्हणाला, "चार लाख टाका आन न्ह्या पोरगी. इकत आनलीया, फुकाट न्हाई."

मग मात्र माझा तोल गेला. "माणूस विकत मिळत नाही," मी ओरडले. "ती सज्ञान आहे. तिच्या गालाचा फोटो काढते आणि इथूनच पोलिसांना फोन लावते, मग सांग त्यांना किती मोजले ते." मोबाईल मी हातात घेतलाच होता. चिमाजी उठून उभा राहिला. "आमी कुठं आडवलंय ताई? जाऊ द्या तिला. पैशाचं तेवढं बगा," म्हणाला. आवाज बराच उतरला होता.

सोजराबाईचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ती गंजीपाशी गेली, कडब्यातली एक बारीक काडी ओढून घेतली आणि परत आली. चिमाजीला वाटलं ती वर्षाची काडी मोडतेय. "आशी मोडत नसती आजी काडी, पैसं फेडाया लागत्यात," तो म्हणाला.

ती त्याच्यासमोरून गेली आणि हरिबासमोर उभी राहिली. म्हशीचं दावं त्याच्या हातात दिलं.

"माझ्या देजात तुमच्या बानं म्हस दिली हुती. गावठी हुती, दूध बेताचं. ही मुऱ्हा हाय. माझं फिटून वर उरतंय ते तुमाला ऱ्हाऊ द्या."

"आगं, ही म्हस तर आपलीच हाय," हरिबा म्हणाला.

"तुझी हाय. माझी कुठली?" तिनं काडी मोडली. वाळलेली होती, लगेच तुटली. दोन्ही तुकडे त्याच्या पायापाशी टाकले. "फिटलं, हरिबा."

तिच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. हरिबानं तर असं दचकून वर बघितलं, जणू त्याला कुणी परक्यानं हाक मारली होती.

"वर्षे, चल," ती म्हणाली. वर्षा होती तशी, पायात चप्पल न घालता, टेम्पोत येऊन बसली. कुणी अडवलं नाही. मानसिंगनं गाडी चालू करून विचारलं, "बाबांचं काय?"

"म्हस चालत येती," सोजराबाई म्हणाली.

नसरापूर आलं. मग ती एकदम माझ्याकडं वळून म्हणाली, "तुझं खरं हुतं, मनात म्हन आता." माझं खरं ठरलं याचा मला जरासुद्धा आनंद झाला नव्हता. तिच्या बापानं म्हैस नेऊन बांधली आणि पोरगी सोडवून आणली, हेही खरंच होतं की. ती म्हैस सगळ्यांनी बघितलेली होती. पैसा कुणी बघितलेला नसतो. म्हैस दावणीला उभी राहते. पैसा खाल्ला की परत कशानं करणार?

आता वर्षा माझ्या दुकानात दुसऱ्या मशीनवर बसते. सोजराबाईनं वाड्यावर जाऊन स्वतःच्या, त्या पहिल्या रेडीच्या वंशातल्या म्हशी तेवढ्या सोडून आणल्या. दुकानाच्या मागं गोठा भाड्यानं घेतलाय. वाड्यावरच्या बायका म्हणतात, ह्या वयात कुणी काडी मोडतं का? ती म्हणते, वय झाल्यावर काडी लौकर मोडती. भोरला वकील केलाय. तो भला माणूस आहे, पण त्यानं बजावलंय, की कोर्टात देज हा शब्द काढायचा नाही, पैशाचं बोलायचंच नाही, नाहीतर तुमचाच मुलगा अडकेल. सोजराबाईनं ते दोनदा विचारून घेतलं. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा शब्द, आणि तो आता लपवायचा. तारखा पडतायत. कधी सुटेल कोण सांगणार? चिमाजीचा निरोप येतो, पैसे, पैसे. मी म्हणते एक पैसा द्यायचा नाही, माणसाचे पैसे होतच नाहीत. ती म्हणते, घेतलं ते फेडल्याबिगर पोरगी मोकळी न्हाई, आयुष्यभर इकल्यालीच म्हनतील. हे भांडण आमचं रोज चालू आहे.

मागच्या बाजारी हरिबा आला. म्हैस घेऊन, चालत. दुकानासमोरच्या विजेच्या खांबाला बांधली आणि मला म्हणाला, "तिला म्हनावं, म्या काडी मानत न्हाई. काडी पंचांनी मोडायची आसती, बाईनं न्हाई. ह्यी म्हस घ्या आन वर चला." वाळला होता. बटणं तुटलेला सदरा. मला क्षणभर दया आली, मग वर्षाच्या मशीनचा आवाज थांबलेला लक्षात आला.

सोजराबाई गोठ्यातून बाहेर आली. हरिबाकडं बघायच्या आधी तिनं म्हशीची कास बघितली. ताठ भरलेली, दुखत असणार. हरिबाला धार काढता येत नाही, वाड्यावर ते बाईचं काम; एरवी शेजारणी काढून देत असणार. ती किटली घेऊन खाली बसली आणि कास मोकळी होईपर्यंत धार काढत राहिली. म्हैस शांत उभी होती, मान वळवून तिच्याकडं बघत. किटली भरली, ती तिनं हरिबाच्या हातात दिली. मग खांबाचं दावं सोडून तेही त्याच्या हातात दिलं.

"पंच बी तुझंच हुतं," ती म्हणाली. "आन ही कशाला आनलीस? ही वर्षीची म्हस न्हवं. वर्षीची म्हस रोहिदास चालवतोय, चार चाकांची. ती आनून बांध हितं. मंग बोल."

हरिबा किटली आणि दावं घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. वर्षानं मशीन परत चालू केलं.